व्हीएमसीसाठी कॅम शिकताय? पहिला जॉब सुखरूप उतरेपर्यंतच्या पायऱ्या

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत मी व्हीएमसीवर (प्रोग्रामवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा प्रोग्राम तयार होऊन यायचा. आम्ही जॉब बांधायचा, झिरो (जिथून सगळी मापं मोजतात तो बिंदू) घ्यायचा आणि सायकल स्टार्ट दाबायचं. तीन वर्षांनी मला प्रोग्रामिंगच्या टेबलावर बसवलं, म्हणजे कॅम सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलवरून मशीनचा प्रोग्राम काढायचं काम. शिकवणारं कुणी नव्हतं. व्हिडिओ बघून दोन-तीन आठवड्यांत टूलपाथ (कटरच्या चालीचा मार्ग) काढायला लागलो आणि पहिल्याच स्वतंत्र जॉबला १२ मिमीचा कार्बाइड एंडमिल मोडला.

सिम्युलेशनमध्ये एकही चूक दिसली नव्हती. जॉब कास्टिंगचा होता. मी सॉफ्टवेअरमध्ये फिनिश फेसच्या वर सरळ ३ मिमी माल धरला होता आणि कटर ५ मिमी उंचीवरून रॅपिडने (माल न कापता जाण्याच्या भरधाव चालीने) फिरवला होता. प्रत्यक्षात कास्टिंगचा एक कोपरा ६ मिमी वर होता. आमच्या सेटर काकांनी मोडका कटर कोलेटमधून (कटर धरणाऱ्या पकडीतून) काढला आणि म्हणाले, "स्क्रीनवर ठोकळा हाय, टेबलावर कास्टिंग हाय. दोन्ही सारखं कसं असंल रं?"

आज नवीन मुलांना शिकवताना मी तिथूनच सुरुवात करतो. सॉफ्टवेअरला तुम्ही सांगितलं तेवढंच कळतं. व्हाइस, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या), क्लॅम्प, कोलेटचा नट, मालाची वाकडी कड, यातलं काहीही त्याला आपोआप दिसत नाही. खालच्या प्रत्येक पायरीत आपण त्याला खरी परिस्थिती सांगत जाणार आहोत.

शिकण्यासाठी एकच जॉब धरू: ८० × ६० × २० मिमीची एचई-३० ॲल्युमिनियमची प्लेट, मधोमध ४० × ३० चा ८ मिमी खोल पॉकेट, पॉकेटच्या कोपऱ्यांना ४ मिमी त्रिज्या आणि चार कोपऱ्यांत एम८ चे आरपार टॅप. साधा वाटतो, पण नवशिक्या प्रोग्रामर जिथे अडकतो त्यातल्या बहुतेक जागा यात येतात.

१. आधी हे जमवा

- ज्या मशीनवर काम करायचं त्याची माहिती: तिन्ही अक्षांची चाल, स्पिंडलचे जास्तीत जास्त आरपीएम, टेपर (बीटी३० की बीटी४०), एटीसीत (आपोआप टूल बदलणाऱ्या यंत्रणेत) किती टूल बसतात, कंट्रोलचं (मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) नेमकं मॉडेल
- त्याच मशीनवर आज व्यवस्थित चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामची प्रत. ही सगळ्यांत मोलाची. का ते नवव्या पायरीत येईल
- उपलब्ध कटर, ड्रिल, टॅप आणि होल्डरची यादी, प्रत्यक्ष मोजून
- व्हाइसचं माप: जॉची उंची, उघडणं, कोणकोणते पॅरलल आहेत
- ६४-बिट कॉम्प्युटर. ८ जीबी रॅमवर जेमतेम चालतं, १६ असेल तर बरं
- एक वही. मोबाइलमधल्या नोंदी मशीनपाशी तेलकट हातांनी उघडता येत नाहीत

२. पन्नास ओळींचा प्रोग्राम हाताने लिहा

ही पायरी सगळेच टाळतात. टाळू नका. ५० मिमीचा चौरस आणि चार होल, एवढा प्रोग्राम कागदावर लिहा आणि मशीनवर हवेत चालवून बघा. जी००, जी०१, जी०२, जी०३, जी५४, जी४३, जी९०, जी९१, एम०६, एम०३, एम०८, एम३० एवढे कोड अंगवळणी पडले की कॅममधून निघालेल्या पाच हजार ओळींतल्या पहिल्या वीस आणि शेवटच्या दहा ओळी तुम्हाला वाचता येतात. बहुतेक अपघातांचं मूळ त्याच तीस ओळींत असतं.

हाताने लिहिताना दोन खड्डे सांभाळा. फॅनक कंट्रोलवर पॅरामीटरच्या सेटिंगनुसार दशांश चिन्ह नसलेला 'एक्स१०' म्हणजे १० मिमी न समजता १० मायक्रॉन समजला जाऊ शकतो. म्हणून 'एक्स१०.' असा टिंब देऊनच लिहायची सवय लावा.

दुसरा खड्डा जास्त घातक. टूल वर न्यायला 'जी९१ जी२८ झेड०' लिहितात. त्यात जी९१ (आहे तिथून मोजलेलं अंतर) च्या जागी जी९० (झिरोपासून मोजलेलं अंतर) पडलं, तर कंट्रोल होमला जाण्याआधी जॉबच्या झेड० ला जातो. म्हणजे टूल रॅपिडने सरळ जॉबच्या माथ्यावर उतरतं. आणि जी९१ नंतर पुढच्या हालचालीआधी परत जी९० आलंय ना, हेही बघायचं.

३. सॉफ्टवेअर निवडा, पण त्यात महिना घालवू नका

तुमच्या कारखान्यात जे आहे तेच शिका. शेजारी बसलेल्याला विचारता येतं, याच्याएवढी मोठी सोय दुसरी नाही. घरी शिकायचं असेल तर ऑटोडेस्कचं फ्यूजन (पूर्वी त्याला फ्यूजन ३६० म्हणायचे) वैयक्तिक वापरासाठी मोफत मिळतं. त्याच्या मर्यादा आधीच माहीत हव्यात. मोफत आवृत्तीत टूल चेंज असलेला एकत्र प्रोग्राम निघत नाही, प्रत्येक टूलचा वेगळा काढावा लागतो. रॅपिड चालही फीडच्या वेगाने निघते. कितीतरी मुलं "पोस्ट (टूलपाथचा मशीनच्या कोडमध्ये उतारा करणारी फाइल) बिघडलाय" म्हणून दोन-दोन दिवस शोधत बसतात, आणि ती या परवान्याचीच मर्यादा असते. शिवाय ही आवृत्ती धंद्यासाठी नाही. पैसे घेऊन केलेल्या जॉबवर्कला ती वापरू नका. कॉलेजात शिकत असाल तर पुरावा देऊन विद्यार्थ्यांचा परवाना मिळतो.

पूर्ण मुक्त हवं असेल तर फ्रीकॅड आहे. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.० आवृत्तीत पूर्वीच्या 'पाथ' विभागाचं नाव 'कॅम' झालं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघताना गोंधळू नका. मास्टरकॅम आपल्याकडच्या टूलरूममध्ये बरंच दिसतं. एक नीट शिकलात की दुसऱ्यात फक्त बटणांच्या जागा शोधायच्या असतात.

वर्गात बसून शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चौकशी करा. तिथे सॉफ्टवेअरच्या शेजारीच मशीनही असतं.

४. मॉडेल तपासून घ्या

ग्राहकाकडून स्टेप फाइल मागा. एसटीएल आली तर ती त्रिकोणांची जाळी असते आणि तिच्यात मिमी की इंच याची नोंद नसते. जॉब २५.४ पटीने मोठा किंवा लहान दिसला तर कारण हेच.

फाइल उघडली की सगळ्यांत आधी लांबी, रुंदी, जाडी मोजा आणि ड्रॉइंगशी ताडून बघा. मग टॉलरन्स बघा. मॉडेल बहुतेक वेळा मूळ मापावर असतं. ड्रॉइंगमध्ये ४० ला अधिक ०.१, उणे शून्य असं असेल तर मॉडेलमध्ये ४०.०० च असणार, आणि तुम्हाला मशीन करायचंय ४०.०५ च्या आसपास. २० एच७ चा बोअर म्हणजे २०.००० ते २०.०२१. तो एंडमिलने फिरवून काढण्याचा हट्ट सुरुवातीला धरू नका, त्याला रीमर किंवा बोरिंग बार आहे.

आपल्या पॉकेटच्या कोपऱ्याला ४ त्रिज्या आहे. ८ चा कटर अगदी फिट बसेल असं वाटतं. तसं केलंत तर कोपऱ्यात कटर एकदम पाव घेराने मालात गुंततो, थरथरतो आणि तिथे खुणा उठतात. फिनिशला ६ चा घ्या, म्हणजे कोपऱ्यात तो वळत जाईल.

५. सेटअप: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

सेटअपमध्ये तीन गोष्टी सांगायच्या असतात: माल केवढा आहे, झिरो कुठे आहे, जॉब कशात पकडलाय.

*माल.* समजा सॉवर कापलेला ८५ × ६५ × २५ चा ब्लॉक मिळाला. जाडी २० च हवी, मग २५ पुरेल असं वाटतं. हिशेब करून बघू. वरून १ मिमी फेसिंग (माथा सपाट करणं), तिथून खाली २०.५ मिमी बाहेरचा कंटूर (कडेने फिरून काढलेला आकार). एकूण २१.५. ब्लॉकमध्ये खाली उरले ३.५ मिमी. व्हाइसमध्ये ४ मिमी पकडलं असेल तर कटर अर्धा मिमी जॉमध्ये गेला. सॉफ्टवेअर यावर चकार शब्द काढणार नाही, कारण त्याला व्हाइस ठाऊकच नाही.

म्हणून ३० जाडीचा ब्लॉक मागा. २१.५ वजा जाऊन ८.५ उरतात, ६ मिमी पकडा, कटर आणि जॉमध्ये अडीच मिमी मोकळे राहतात. हा हिशेब दर जॉबला वहीत लिहा. शक्य असेल तर व्हाइसचं साधं मॉडेल काढून सेटअपमध्ये ठेवा. नेमकं नसलं तरी चालेल, दोन ठोकळे मापात असले की काम भागतं.

कास्टिंग किंवा गॅस-कट माल असेल तर कॅलिपरने चार कोपरे आणि मध्य मोजा आणि सगळ्यांत उंच माप धरा. रायझरचा तुकडा, पार्टिंग लाइनवरचा उंचवटा, डोळ्यांना किरकोळ वाटणारी प्रत्येक गोष्ट त्यात आली पाहिजे.

*झिरो.* पहिल्या सेटिंगला एक्स-वाय झिरो ब्लॉकच्या मध्यावर ठेवा, म्हणजे सॉने कापलेला माल एखाद-दीड मिमी कमीजास्त असला तरी दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. झेड झिरो फिनिश फेसवर. पण हा फेस अजून मशीन झालेला नाही, मग सेटर तो शिवणार कशाला? रॉ माथा शिवून १ मिमी खाली झिरो धरायचा, हे सेटअप शीटवर लिहिलेलं असलंच पाहिजे. तोंडी सांगितलेला झिरो दुसऱ्या शिफ्टला पोहोचत नाही.

*दुसरी सेटिंग.* जॉब उलटा केला की आता मशीन झालेल्या बाजूंवर पकड असते. खालून साधारण ९ मिमी माल काढायचा आहे. इथे झेड झिरो पॅरललच्या माथ्यावर घ्या आणि सॉफ्टवेअरमध्येही झिरो जॉबच्या तळाला ठेवा. मग २० ची जाडी थेट मिळते, वरचा माल किती का असेना. अट एकच, पॅरललवर चिप राहता कामा नये. पॅरलल हाताने हलतोय का बघा. हलला तर जॉब बसलेला नाही.

६. टूल लायब्ररी स्वतःची बनवा

सॉफ्टवेअरसोबत येणारी तयार लायब्ररी बघायला छान असते, पण ते कटर तुमच्या कपाटात नसतात. तुमच्याकडचे आठ-दहा कटर मोजून भरा: व्यास, फ्लूट (दात), कटिंग लांबी, होल्डरबाहेर किती निघालंय, होल्डर कोणता.

होल्डर भरायला आळस करू नका. ईआर३२ कोलेटचा नट ५० मिमी व्यासाचा असतो. आपला कंटूर २०.५ खोल आहे. १० चा कटर कोलेटबाहेर २० मिमीच काढलेला असेल, तर नट जॉबच्या माथ्यावर घासणार. म्हणून शीटवर 'किमान २८ बाहेर' असं लिहायचं. फार बाहेरही काढायचा नाही, कटर वाकतो आणि भिंत तिरकी येते.

टूल नंबर आणि एच नंबर (त्या टूलच्या लांबीची मशीनमधली नोंद, जी४३ तीच वापरतो) एकच ठेवा. टी०५ ला एच०५. कटरच्या कॉम्पेन्सेशनचा (कटरच्या त्रिज्येनुसार मार्ग सरकवण्याचा) डी नंबरही तोच.

७. टूलपाथ, वेग आणि फीड

आपल्या जॉबला क्रम असा: फेसिंग, बाहेरचं रफिंग, पॉकेटचं रफिंग, मग दोन्हींचं फिनिशिंग, सेंटर ड्रिल, ६.८ चं ड्रिल. टॅप पहिल्या सेटिंगला नको. या वेळी होल तळाला बंद आहे, आरपारसाठीचा सरळ टॅप चिप पुढे ढकलतो आणि अडकून मोडतो. जॉब उलटा करून फेस केल्यावर होल उघडतं, तेव्हा टॅप करा.

वेगाचं गणित दोन ओळींचं आहे. आरपीएम = १००० × कटिंग स्पीड ÷ (३.१४ × व्यास). फीड = आरपीएम × फ्लूट × दर दाताची फीड.

१० चा तीन फ्लूटचा कार्बाइड, ॲल्युमिनियमला २०० मीटर प्रति मिनिट धरलं तर ६३६९ आरपीएम येतात. मशीन ६००० चं असेल तर ६००० घ्या. दर दाताला ०.०५ धरून फीड ९०० मिमी प्रति मिनिट. तोच व्यास चार फ्लूटमध्ये माइल्ड स्टीलला, १०० मीटर आणि ०.०४ धरून, ३१८५ आरपीएम आणि साधारण ५१० फीड. हे आकडे सुरुवातीचे आहेत. कटर कंपनीच्या कॅटलॉगमधले आकडे घ्या आणि जुन्या मशीनला, लांब कटरला त्यातून कमी करा.

इथला सापळा असा. लायब्ररीत ९५०० आरपीएम आणि १४२५ फीड भरलेली असते. बरीच मशीनं आपल्या कमाल आरपीएमवरच थांबतात आणि फीड मात्र तशीच ठेवतात. ६००० वर १४२५ फीड म्हणजे दर दाताला ०.०५ ऐवजी जवळजवळ ०.०८. कटर का मोडतोय ते कळत नाही आणि दोष मालाला दिला जातो. आरपीएम कमी केले की फीडही त्याच प्रमाणात उतरवा.

टॅपला फीड म्हणजे आरपीएम गुणिले पिच, दुसरं काही नाही. एम८ ची पिच १.२५, ४०० आरपीएमला ५०० फीड. एका आकड्याचीही तडजोड नाही.

आरपार ड्रिलची खोली भरताना टोकाची लांबी मिळवा. ११८ अंशांच्या ड्रिलचं टोक व्यासाच्या साधारण ०.३ पट असतं, ६.८ ला २ मिमी. आणि ब्लॉक नेमका जॉबच्याच जाडीचा असेल तर पॅरलल होलच्या खाली तर येत नाही ना, ते बघा. भोकं पडलेले पॅरलल प्रत्येक कारखान्यात सापडतात.

८. सिम्युलेशन बघताना काय बघायचं

वेगाने पळवून शेवटचा सुंदर जॉब बघण्यात अर्थ नाही. प्रत्येक ऑपरेशनची पहिली आणि शेवटची हालचाल थांबवून बघा: टूल कुठून आत येतं, कुठून बाहेर जातं, पॉकेटमध्ये उतरताना रॅम्प किंवा हेलिक्सने उतरतं की सरळ खाली घुसतं. दोन जागांमधली रॅपिड चाल किती उंचीवरून जाते, तिथे क्लॅम्प आहे का. टक्कर तपासणी चालू करा आणि होल्डर दिसू द्या.

९. पोस्ट प्रोसेसर: इथूनच खरे घोटाळे सुरू होतात

टूलपाथ हा सॉफ्टवेअरचा स्वतःचा हिशेब असतो. तो तुमच्या कंट्रोलच्या बोलीत उतरवण्याचं काम पोस्ट करतो. 'फॅनक' नावाचा सर्वसाधारण पोस्ट निवडला म्हणजे तुमच्या फॅनकला तो जसाच्या तसा चालेल असं नाही. एकाच कंट्रोलच्या दोन मशीनवर मशीन बनवणाऱ्याने एम कोड वेगळे ठेवलेले असतात.

पहिल्या पायरीत जपून ठेवलेला चालू प्रोग्राम आता काढा आणि नव्या प्रोग्रामशेजारी ठेवून ओळीने ताडा:

- सुरुवातीला आणि शेवटी टक्केवारीचं चिन्ह आहे का
- प्रोग्राम नंबर. जुन्या फॅनकला ओ आणि चार अंक. ८००० आणि ९००० च्या मालिका टाळा, त्या बऱ्याचदा लॉक असतात
- टूल चेंजची ओळ कशी आहे, आधी टूल वर जातं का
- जी४३ सोबत बरोबर एच येतोय का
- जी५४ (जॉबचा झिरो निवडणारा कोड) लिहिलंय का
- वर्तुळाकार चाल आर ने येते की आय-जे ने
- टॅपिंगआधी एम२९ ची ओळ लागते का. तुमच्या मशीनवर रिजिड टॅपिंग त्याने सुरू होत असेल आणि पोस्टने ती दिली नसेल, तर साध्या कोलेटमधला टॅप मोडेल
- कूलंटचा कोड, शेवटी टेबल कुठे येऊन थांबतं

फरक सापडला की दर प्रोग्राममध्ये हाताने दुरुस्ती करत बसू नका. एक दिवस घाईत ती राहते. पोस्टमध्येच बदल करा. फ्यूजनचे पोस्ट जावास्क्रिप्टमधल्या साध्या मजकुराच्या फायली आहेत, थोडं वाचलं तर समजतात. मूळ फाइलची तारीख घालून प्रत ठेवा, एका वेळी एकच बदल करा आणि मशीनवर हवेत चालवून पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. ते जमत नसेल तर ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्यांच्याकडून पोस्ट लिहून घ्या आणि किंमत ठरवतानाच ते ठरवा.

१०. मशीनवर पहिला पीस

पहिल्या पीसला प्रोग्रामरने मशीनपाशी उभं राहायचं. टेबलावर बसून "चालव रे" म्हणायचं नाही.

आधी वर्क ऑफसेटच्या पानावर (जॉबच्या झिरोची नोंद असते तिथे) ईएक्सटीमध्ये झेडला अधिक ५० भरा आणि सगळा प्रोग्राम जॉबच्या ५० मिमी वर चालवून बघा. मग ते ५० काढून शून्य करा, मोठ्याने वाचून खात्री करा. ड्राय रनचं बटण वापरलं असेल तर ते बंद केलं का बघा. ते चालू राहिलं तर कटर प्रोग्रामच्या फीडने न जाता ड्राय रनच्या वेगाने मालात घुसतो.

आता प्रत्यक्ष कटिंग. रॅपिड २५ टक्के किंवा त्याहून खाली, सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, एक बोट फीड होल्डवर (चाल थांबवायच्या बटणावर). प्रत्येक टूल पहिल्यांदा खाली येताना जॉबच्या थोडं वर थांबवा आणि 'डिस्टन्स टू गो' वाचा. स्क्रीन म्हणतेय अजून १० मिमी जायचंय आणि डोळ्यांना कटर मालापासून ४ मिमीवर दिसतोय, तर थांबा. ऑफसेट चुकलाय. बहुतेक अपघात या एका तपासणीत वाचतात. टूल आत गेल्यावर सिंगल ब्लॉक काढा.

११. अडलं तर कुठे शोधायचं

घाबरून सगळीकडे एकदम बदल करू नका. आधी स्वतःला विचारा, चूक कुठल्या घरात आहे: मॉडेलमध्ये, टूलपाथमध्ये, पोस्टमध्ये की मशीनच्या सेटिंगमध्ये? सिम्युलेशनमध्येही चूक दिसते, तर पहिली दोन घरं. सिम्युलेशन बरोबर आणि कोड वाचला तर चूक, तर पोस्ट. कोडही बरोबर, तर मशीन: ऑफसेट, टूल, पकड.

फॅनकवर हमखास येणारे अलार्म असे.

*०२०.* वर्तुळाच्या सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या जुळत नाही. पोस्टमधली आय-जे ची पद्धत किंवा दशांशाची अचूकता तपासा.

*०३४.* कॉम्पेन्सेशन वर्तुळाकार ओळीवर सुरू किंवा बंद होतंय. लीड-इनला आधी सरळ रेषा द्या.

*०४१.* कॉम्पेन्सेशनमध्ये कटर बसत नाही. कोपरा कटरच्या त्रिज्येपेक्षा लहान आहे, किंवा डी मध्ये भलताच आकडा आहे.

*५०१०.* फाइल मध्येच संपली. शेवटचं टक्केवारीचं चिन्ह बघा, फाइल पुन्हा कॉपी करा.

डी च्या आकड्यावर थोडं थांबतो, कारण यात चांगला अनुभव असलेलेही फसतात. कॅममध्ये कॉम्पेन्सेशन 'इन कंट्रोल' ठेवलं तर डी मध्ये कटरची पूर्ण त्रिज्या भरायची, १० च्या कटरला ५. 'वेअर' ठेवलं तर त्रिज्या सॉफ्टवेअरने आधीच धरलेली असते आणि डी मध्ये सुरुवातीला शून्य असतं. 'वेअर'चा प्रोग्राम आणि सेटरने सवयीने भरलेले ५, म्हणजे कंटूर प्रत्येक बाजूला ५ मिमी सरकला आणि पॉकेटला बहुधा अलार्म आला. कारखान्यात सगळ्यांनी मिळून एकच पद्धत ठरवा आणि मशीनवर चिकटवून ठेवा. मी 'वेअर' वापरतो. पॉकेट ४० ऐवजी ३९.९६ आला, तर डी मध्ये उणे ०.०२ भरून फिनिशिंग पुन्हा चालवायचं, कॉम्प्युटरकडे जावं लागत नाही.

माप सगळीकडे सारखं ०.२ किंवा ०.३ ने जास्त येत असेल, तर फिनिशिंगमध्ये 'माल शिल्लक ठेवा' हा आकडा रफिंगमधून तसाच कॉपी झालाय का ते बघा. वर बरोबर आणि खाली जाड अशी भिंत आली, तर कटर वाकतोय. बाहेर कमी काढा, रफिंगनंतर माल कमी ठेवा किंवा तोच फिनिशिंग पास पुन्हा एकदा द्या.

थ्रीडी फिनिशिंगला मशीन अडखळत, झटके देत चालतं? टॉलरन्स ०.००१ ठेवलाय का बघा. लाखभर बारीक रेषा निघतात आणि जुना कंट्रोल त्या वेळेत वाचू शकत नाही. ०.०१ वर आणा, स्मूदिंग चालू करा, कंट्रोलला सोय असेल तर जी०५.१ क्यू१ द्या.

प्रोग्राम मेमरीत मावत नसेल तर तेही समजून घ्या: फॅनकची मेमरी अजून कागदी टेपच्या मीटरमध्ये सांगितली जाते, ६४० मीटर म्हणजे २५६ केबी. मोठा प्रोग्राम कार्डावरून डीएनसीने (मेमरीत न भरता थेट वाचत) चालवा. आय/ओ चॅनेल मेमरी कार्डला ४, यूएसबीला १७. कार्ड दिसतच नसेल तर ते एफएटी पद्धतीने फॉरमॅट केलेलं आहे का ते आधी बघा.

१२. जॉब निघाल्यावर

त्याच दिवशी फाइलच्या नावात पार्ट नंबर, सेटिंग आणि आवृत्ती घाला. मशीनवर सेटरने फीड ७० टक्क्यांवर ठेवून जॉब काढला असेल, तर ते का ठेवलं ते विचारा आणि तो आकडा कॅममध्ये भरा. मशीनवर दुरुस्त झालेला प्रोग्राम परत कॉम्प्युटरवर घ्या, नाहीतर पुढच्या लॉटला जुनीच चूक पुन्हा उतरते. सेटअप शीटवर जॉब बांधलेला मोबाइलने काढलेला फोटो लावा: व्हाइस, पॅरलल, स्टॉपर, झिरोची जागा दिसेल असा. सहा महिन्यांनी तोच जॉब परत आला की त्या एका फोटोने अर्धा तास वाचतो.

ही प्लेट दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, मापात निघाली की पुढचा जॉब कास्टिंगचा घ्या. चार कोपरे मोजून.